अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

विद्यार्थिमित्रहो, आपल्या हैदराबाद शहरात गल्लोगल्ली एक फलक दिसतो. त्यावरील अक्षरे तेलुगू असतात, परंतु शब्द वाचून पाहिला तर तो थेट आपल्या ओळखीचा निघतो. तो शब्द म्हणजे ‘अंगनवाडी’. मराठी घरापुढची सारवलेली मोकळी जागा म्हणजे अंगण, आणि लहान मुलांची वाडी म्हणजे बालवाडी. या दोहोंच्या संयोगातून निघालेला हा शब्द आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सर्व भाषांत रूढ झाला आहे. ज्या माउलीच्या कार्यातून तो जन्मला, तिचे नाव मात्र आमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. ते नाव ताराबाई मोडक यांचे होय. त्यांच्या चरित्राचा अल्प परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे निष्ठावान कार्यकर्ते होते आणि आई उमाबाई त्यांच्या विचारांना साथ देणाऱ्या होत्या. मुलींनी उंबरठ्याच्या आत राहावे, चार बुके शिकल्या की त्यांचा धर्म बुडतो, अशी समजूत ज्या काळी घरोघर नांदत होती, त्या काळी या घरात मुलींच्या शिक्षणाला मानाचे स्थान होते. ही शिदोरी ताराबाईंना जन्मभर पुरली. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या वेळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, हे ध्यानी घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

पुढे त्यांचा विवाह झाला आणि त्या अमरावतीस सासरी गेल्या. पती श्री. मोडक व्यवसायाने वकील होते. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही. १९२१ साली पती-पत्नी कायमची विभक्त झाली. आजही ज्या प्रसंगी स्त्रीला शेजारपाजारच्या बोलण्याचे भय वाटते, तो प्रसंग शंभर वर्षांपूर्वी किती बिकट असेल याची कल्पना करावी. पदरी लहान मुलगी, माथ्यावर समाजाचा रोष आणि हाती केवळ आपली विद्या, अशा स्थितीत ताराबाई उभ्या राहिल्या. पुढे रत्नाकर मतकरी यांनी त्यांच्या जीवनाच्या आधाराने ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिले. त्या नाटकाच्या नावातच ताराबाईंच्या जन्माचे शल्य सामावले आहे. मुलाला आई, वडील आणि घर ही तिन्ही हवी असतात, हे ज्या स्त्रीने स्वतःच्या जखमेतून जाणले, तिनेच पुढे सहस्रावधी मुलांसाठी दुसरे घर उभारले.

विभक्त झाल्यानंतर ताराबाई सौराष्ट्रात राजकोट येथे गेल्या. तेथील बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. पद मानाचे होते आणि चरितार्थाची विवंचना मिटली होती. कोणीही सामान्य मनुष्य तेथेच स्थिरावला असता. परंतु आपल्या चिमुरड्या मुलीला कसे शिकवावे, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता, आणि त्याचे उत्तर शोधताना त्यांची दृष्टी भावनगरकडे वळली.

भावनगर येथे नानाभाई भट्ट यांनी १९१० साली ‘दक्षिणामूर्ती’ ही संस्था स्थापिली होती. त्या संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक विलक्षण गृहस्थ काम करीत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला तेव्हा त्याचे संगोपन कसे करावे, म्हणून त्यांनी शिक्षणावरची पुस्तके वाचावयास घेतली आणि त्यांत इटलीच्या मारिया माँटेसरी या विदुषीचा ग्रंथ त्यांच्या हाती लागला. माँटेसरीबाई पेशाने वैद्य होत्या. रोम शहरातील सान लोरेंझो या गरिबांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की ओस पडलेल्या चाळीत धुडगूस घालणारी मुले तेथे जमली. योग्य साधने हाती दिली आणि मोठ्यांनी मध्ये मध्ये लुडबूड केली नाही, तर हीच मुले तासचे तास एकाग्र होऊन काम करतात, असे माँटेसरीबाईंना आढळले. मुलाला शिकण्याची उपजतच भूक असते, तेव्हा छडीचे आणि बक्षिसाचेही कारण नाही, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा आहे.

गिजुभाईंनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरात बालमंदिर सुरू केले. १९२३ साली ताराबाईंनी राजकोटचे मानाचे पद सोडले आणि त्या बालमंदिराच्या कामात येऊन मिळाल्या. ज्या शिक्षिकेने मोठमोठ्या विद्यार्थिनींना शिकवावे, तिने शेंबड्या पोरांच्या नादी लागावे, हे अनेकांना वेडेपणाचे वाटले असेल तर नवल नाही. लहान मुलांना शिकवणे म्हणजे नुसती राखण, त्याला विद्वत्ता कशाला हवी, ही समजूत आजही गेलेली नाही. पण ताराबाईंनी ओळखले होते की, घराचा पाया घालणारा गवंडी हा कळस चढवणाऱ्यापेक्षा अधिक कुशल असावा लागतो. पाया मातीखाली जातो, कोणाला दिसत नाही, म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

भावनगरच्या त्या काही वर्षांत ताराबाई आणि गिजुभाई यांनी मिळून मोठे काम केले. गोष्टी, गाणी, नाट्य, चित्रकला, मातीकाम, बागकाम यांना बालशिक्षणात मानाची जागा मिळाली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. आईबापांना आणि शिक्षकांना नवा विचार कळावा म्हणून ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक गुजरातीत निघू लागले, आणि १९३३ पासून ताराबाईंनी ते मराठीत आणले. मुलाला मारू नये, त्याला भुताखेतांचे भय घालू नये, त्याच्या प्रश्नांना टाळू नये, त्याचे काम त्याला स्वतः करू द्यावे, अशा साध्या परंतु घराघरांत पायदळी तुडवल्या जाणाऱ्या गोष्टी या मासिकाने महाराष्ट्रास वर्षानुवर्षे सांगितल्या. १९३९ साली गिजुभाई निवर्तले. त्यांच्यामागे या कार्याचा भार प्रामुख्याने ताराबाईंच्या खांद्यांवर आला.

तत्पूर्वीच त्या मुंबईस आल्या होत्या. १९३६ साली दादर येथे त्यांनी ‘शिशुविहार’ ही संस्था सुरू केली. बालमंदिर आणि बालशिक्षिकांचे अध्यापन-मंदिर अशी दोन्ही कामे तेथे चालत. संस्थेचा लौकिक वाढला. सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतील मुले तेथे येऊ लागली आणि ताराबाईंकडे शिकून गेलेल्या शिक्षिका गावोगावी बालमंदिरे चालवू लागल्या. मुंबईत संस्था उभी, नाव झालेले, वय पन्नाशी उलटलेले. आता विसावा घ्यावा, सत्कार स्वीकारावेत, असाच तो काळ होता.

परंतु ताराबाईंच्या मनास एक टोचणी लागून राहिली. माँटेसरीबाईंनी जी पद्धत रोमच्या गरीब वस्तीसाठी शोधली, ती भारतात येऊन श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली होती. तिची सुबक लाकडी साधने महाग. ती ठेवावयास प्रशस्त खोली हवी, ती वापरावयास शिकलेली बाई हवी. मग खेड्यातील शेतमजुराच्या मुलाने काय करावे? त्याच सुमारास महात्मा गांधींनी आपल्या नव्या तालीमेचा विचार शाळापूर्व वयापर्यंत मागे नेला होता. ताराबाईंनी मनाशी निश्चय केला आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षी दादरची सुस्थिर संस्था मागे ठेवून त्या खेड्यात निघाल्या.

गुजरातच्या सीमेलगत समुद्रकाठी बोर्डी नावाचे गाव आहे. त्या वेळी ते ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. तेथे २४ डिसेंबर १९४५ रोजी ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू झाले. या कामी ताराबाईंना एक अनमोल सहकारी लाभली. तिचे नाव अनुताई वाघ. १९१० साली जन्मलेल्या अनुताईंना अजाण वयात वैधव्य आले होते. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि बोरिवलीच्या एका ग्रामसेविका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. ताराबाईंनी हाक दिली आणि अनुताई बोर्डीला आल्या, त्या जन्मभरासाठीच. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा मांडण्यापूर्वीच विस्कटलेला. या दोघींनी मिळून दुसऱ्यांच्या मुलांचा संसार मांडला.

बोर्डीत बालवाडी उघडली, साधने मांडली, परंतु ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती मुले फिरकेनात. गावातील बऱ्या स्थितीतील घरांची मुले येत, परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील मुले येत नसत. दुसरा कोणी असता तर या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही, असा शेरा मारून मोकळा झाला असता. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल का येत नाही, याचा शोध त्यांनी मुलाच्या घरी जाऊन घेतला. आई पहाटेच कामावर जाते, मग मुलाला न्हाऊमाखू कोणी घालावे? धाकट्या भावंडाला कोणी सांभाळावे? अंगावर धड कपडा नाही, तर चार लोकांत जावे कसे? आणि गेले तरी तेथे आपल्याला जवळ घेतील, याची हमी काय? ही कारणे समजली आणि उपायही सुचला. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेनेच उठून मुलापर्यंत जावयास हवे.

अशा रीतीने शिक्षिका वस्तीत गेल्या आणि एखाद्या घराच्या अंगणात शाळा भरू लागली. प्रथम मुलांचे हात-पाय-तोंड धुवावे, नखे काढावीत, केस विंचरावेत, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. आया आपल्या दारातून हे सारे पाहत. स्वच्छता आणि आरोग्य यांचे धडे व्याख्यानावाचून त्यांच्या गळी उतरत. हीच ती अंगणवाडी. महागड्या साधनांची अडचणही अशीच दूर झाली. समुद्रकाठचे शंख-शिंपले, नदीतले खडे, झाडांची पाने, बिया आणि पायाखालची माती यांत लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सारे भेद भरलेलेच असतात. मोजणे, निवडणे, जुळवणे यांसाठी पेढीवरून काही विकत आणण्याची गरज नव्हती. माँटेसरीबाईंचे तत्त्व कायम राहिले आणि त्याला या मातीचा वेष मिळाला.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे केंद्र बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा वारली आदिवासींचा मुलूख. येथील पोरे गुरे राखीत, लाकूडफाटा गोळा करीत आणि धाकटी भावंडे कडेवर घेऊन हिंडत. येथे अंगणही कमी पडले, तेव्हा शाळा कुरणात गेली. गुरे चरत आहेत, झाडाखाली पोरे जमली आहेत आणि गुरुजी त्यांना अक्षरे शिकवीत आहेत, अशी ही कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. परंतु आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती ‘विकासवाडी’ची योजना. तान्ह्या मुलांचे पाळणाघर, तिसऱ्या वर्षापासूनची बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणणे, ही ती योजना होय.

या योजनेतील मर्म विद्यार्थिमित्रांनी नीट समजून घ्यावे. आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर वर्षाचा भाऊ असतो. तिला कितीही बोध केला, तिच्या बापाला कितीही दटावले, तरी त्या भावाची सोय लागेपर्यंत ती येणार नाही. भावाला पाळणाघरात ठेवा, म्हणजे बहीण आपोआप वर्गात बसेल. धाकट्याची सोय ही थोरलीच्या शिक्षणाची किल्ली आहे. ही गोष्ट सांगितल्यावर सोपी वाटते. पण ती दिसण्यासाठी त्या पोरीच्या झोपडीपर्यंत चालत जावे लागले होते.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना ‘पद्मभूषण’ हा किताब देऊन त्यांचा गौरव केला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्यामागे अनुताईंनी कोसबाडची धुरा १९९२ साली आपला अंत होईपर्यंत वाहिली.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली. सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य-तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण ही सारी एका छपराखाली देणाऱ्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. आज देशात अशी सुमारे १४ लाख केंद्रे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण हा शालेय शिक्षणाच्या पायाचाच भाग मानला आहे. बोर्डीच्या अंगणात जे सुरू झाले, ते राष्ट्राच्या धोरणात जाऊन बसले.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख करावासा वाटतो. आमच्या वाचकांच्या घरी धाकटी भावंडे दूरचित्रवाणीपुढे बसून बाहुल्यांचे कार्यक्रम पाहत असतील. त्यांपैकी ‘गल्ली गल्ली सिम सिम’ या कार्यक्रमातील शाळेचा गणवेष घातलेली चमकी आणि बूम्बा नावाचा सिंह अनेकांच्या ओळखीचे असतील. २००६ साली सुरू झालेला हा कार्यक्रम मूळ एका अमेरिकन कार्यक्रमाचे भारतीय रूप होते. तो मूळ कार्यक्रम १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाला, आणि त्यामागचा प्रश्न ताराबाईंच्या प्रश्नासारखाच होता. गरीब वस्तीतील मुलांना बालवाडीत जावयास मिळत नाही, म्हणून ती पहिलीच्या वर्गात मागे पडतात. परंतु दूरचित्रवाणीची पेटी त्या गरीब घरांतही पोचलेली होती. तेव्हा बालवाडीच त्या पेटीतून घरात का पाठवू नये, असा विचार काही शिक्षणप्रेमी मंडळींनी केला. जिम हेन्सन या कलावंताने त्यासाठी बोलक्या बाहुल्या घडवल्या आणि त्यांच्या तोंडून मुले अक्षरे व अंक शिकू लागली. बाहुल्या आणि माणसे यांना वेगवेगळ्या प्रवेशांत ठेवावे, असे आरंभी तज्ज्ञांनी सुचवले होते. पण प्रत्यक्ष मुलांना दाखवून पाहता, नुसती माणसे आली की मुलांचे लक्ष उडते असे आढळले. मग बाहुल्या माणसांच्या घोळक्यात आणल्या गेल्या. मुलांपुढे तज्ज्ञांनी हार मानली, आणि कार्यक्रम सुधारला.

अंगणातील शिक्षिका आणि पडद्यावरची बाहुली यांत अंतर मोठे आहे. बाहुली गोष्ट सांगेल, गाणे म्हणेल, शंभर घरांत एकाच वेळी हसवील. परंतु ती मुलाचे नाक पुसणार नाही, आणि आज मूल गप्प का, हे तिला कळणार नाही. ते काम माणसाचेच आहे. तथापि दोघींची वाट एकच आहे, आणि ती मुलाच्या घराकडे जाते. म्हणूनच लहान भावंडाला पेटीपुढे बसवून आपण निघून जाऊ नये. त्याच्या शेजारी बसावे, पडद्यावरच्या गोष्टीविषयी त्याला विचारावे आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. तेवढ्याने त्या पेटीचेही अंगण होते.

आमच्या अफझलगंजात आणि लगतच्या बाजारपेठेत पहाटेपासून वर्दळ असते. हमाल पोती वाहतात, बाया धान्य पाखडतात, आणि त्यांची कच्चीबच्ची पोत्यांच्या आडोशाला खेळत असतात. मुसा नदीच्या काठी, याच भागात, राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य इमारत उभी आहे. तेथे लक्षावधी ग्रंथ आहेत. पण त्या पोत्याआडच्या मुलासाठी ग्रंथालयाची पायरी फार उंच आहे. ती पायरी चढण्याचे बळ तिसऱ्या-चौथ्या वर्षीच पायांत यावे लागते. ते आले नाही, तर पुढे शाळा दारात असूनही मूल दाराबाहेर राहते. ताराबाईंनी आपले उत्तरायुष्य नेमक्या या उंचीशी झुंजण्यात घालवले.

विद्यार्थिमित्रहो, अंगणवाडीला केवळ खिचडी वाटण्याचे ठिकाण समजून तिची थट्टा करणारे लोक आपल्याला भेटतात. त्यांच्या हास्यात आपण आपले हास्य मिळवू नये. तेथील सेविका अपुऱ्या जागेत, अल्प मानधनावर, तीस-तीस मुलांच्या आयुष्याचा पाया घालीत असते. सुटीच्या दिवसांत आपल्यापैकी कोणी तेथे जाऊन एखादी गोष्ट सांगितली, जुन्या मोज्याची बाहुली करून तिला बोलते केले, चिंचोके आणि खडे गोळा करून दिले, तर त्यास पैसा लागत नाही. ताराबाईंचा पुतळा उभारण्यापेक्षा त्या चिंचोक्यांनी त्यांचे स्मरण अधिक चांगले होईल. आणि वर्गातील एखादी मैत्रीण वरचेवर गैरहजर राहत असेल, तर तिला नावे ठेवण्यापूर्वी तिच्या कडेवर कोण आहे, हे एकदा तिच्या घरी जाऊन पाहावे.